मुलाला पाय फुटले, आता पुढे?

मूल रांगत असतं तोवर वाटतं, आपल्याला जमतंय. मग एक दिवस ते सोफ्याला धरून उभं राहतं, चार पावलं टाकतं, घरभर टाळ्या होतात, आणि त्याच आठवड्यात बुटात पाणी, बादलीत मोबाइल आणि मोबाइलच्या जागी अर्धवट चावलेलं बिस्कीट सापडतं. हा लेख त्या आठवड्यापासून पुढच्या तीन-चार वर्षांसाठी आहे. मूल एक ते पाच वर्षांचं, घरात मोठी माणसं एक किंवा दोन, आणि वेळ कायम कमी.

मी दोन मुलांवर शिकलो. थोरलीच्या वेळी मी मुलीला बदलायला गेलो, धाकट्याच्या वेळी घर बदललं. दुसरं कितीतरी सोपं गेलं. मला सांगायचंय ते एवढंच, पण त्यात तपशील बराच आहे आणि खरी गोम तिथेच आहे.

पायरी १: आठवडाभर फक्त लिहा

उपाय करायच्या आधी एक वही घ्या. खोडी झाली की तीनच गोष्टी लिहायच्या: काय केलं, किती वाजता, आणि त्याच्या पाच मिनिटं आधी घरात काय चाललं होतं. ओरडलात तर तेही लिहा. या आठवड्यात काही सुधारायचं नाही.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच भरायचा कंटाळा येतो. आमच्या वहीत बहुतेक नोंदी दोनच वेळांच्या निघाल्या: संध्याकाळी जेवणाआधीचा तास, आणि मी फोनवर असतानाचा वेळ. तोवर मी सगळ्यांना सांगत होतो की ‘हा दिवसभर छळतो’. दिवसभर नव्हताच छळत.

ही कल्पना माझी नव्हे. फ्लोरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशाच नोंदी आयांकडून लिहून घेतल्या आणि १९३१ साली लहान मुलांच्या रागावर एक पुस्तक काढलं. जेवणाच्या थोडं आधी मुलांचे भडके वाढतात, हे त्यातही दिसलं होतं. म्हणजे आपल्या घरातला संध्याकाळचा गोंधळ निदान नव्वद वर्षं जुना आहे.

आठवडा संपला की नोंदींपुढे खूण करा. माझ्या अनुभवात खोड्या चार जातींच्या असतात.

काही खोड्या म्हणजे प्रयोग असतात. खुर्चीवरून चमचा पाडायचा, तुम्ही उचलून दिला की पुन्हा पाडायचा. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांवर बारीक लक्ष ठेवून जे लिहून ठेवलं त्यात हे सगळं आहे. साधारण १२ ते १८ महिन्यांचं मूल एकच कृती थोडी थोडी बदलून करतं आणि काय होतं ते बघतं. इथून टाकलं तर कसं पडतं, जोरात टाकलं तर कसा आवाज येतो. परीक्षा चमच्याची चाललेली असते, आपल्याला उगाच वाटतं की ती आपली आहे.

काही खोड्या म्हणजे हाक असते: तुम्ही फोनवर, मूल पडद्याला लोंबकळतंय आणि नजर तुमच्याकडे. काही भुकेच्या नाहीतर झोपेच्या असतात. आणि काही चक्क मदत असते. तीन वर्षांच्या थोरलीने एकदा माझा लॅपटॉप ओल्या फडक्याने ‘स्वच्छ’ केला होता. फडकं पिळायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ही जात ओळखायची ती उपाय वेगळा असतो म्हणून. प्रयोगाला दुसरं साहित्य द्यायचं, हाकेला ओ द्यायची, भुकेला खाऊ, आणि मदतीला खरं काम. चौघांनाही एकच दम भरला, की एकही थांबत नाही.

पायरी २: गुडघ्यांवर घर फिरा

हे शब्दशः करायचं आहे. जमिनीवर या आणि मुलाच्या उंचीवरून प्रत्येक खोली पाहा. टेबलाखाली लोंबणारी वायर, कपाटाच्या खालच्या कप्प्यातली फिनाइलची बाटली, सोफ्याखाली गेलेलं नाणं, हे सगळं वरून दिसत नाही.

चालायला शिकणारी मुलं किती पडतात, याची मोजदाद न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. २०१२ साली हे छापून आलं. तासाला सतरा! तेव्हा पडू न देणं हे आपलं काम असूच शकत नाही. जिथे पडेल तिथे काय आहे, एवढं बघणं आपल्या हातात आहे. टोकदार कोपऱ्याचं टेबल वर्षभर भिंतीकडे सरकवा, त्याने घराची शोभा जात नाही.

पण घरातल्या काही गोष्टी खरोखर जिवावरच्या आहेत. त्या खोडीच्या हिशेबात धरायच्याच नाहीत. तिथे समजावणं नाही, सवय लावणं नाही, वस्तू हाताशीच ठेवायची नाही.

पाणी. लहान मूल चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. डोकं जड, हातात जोर नाही, त्यामुळे बादलीत तोंडावर गेलेल्या मुलाला वर येता येत नाही. काम झालं की बादली आणि टब रिकामे करून पालथे घाला आणि न्हाणीघराची कडी वरून लावा. आंघोळ चालू असताना फोन वाजला तर वाजू द्या, नाहीतर मुलाला टॉवेलमध्ये गुंडाळून सोबत न्या.

बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या. रिमोट, वजनकाटा, दिव्याची खेळणी, गाणारं शुभेच्छापत्र, सगळ्यात असतात. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत तिथलं आतलं अस्तर गंभीर भाजू शकतं. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू वर ठेवा. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. नाकात-कानात घातली असली तरी घाई तेवढीच. छोट्या ताकदवान लोहचुंबकांचंही तसंच आहे: दोन गिळले तर आतड्याच्या भिंती मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात.

गरम पातळ पदार्थ. लहान मुलाची त्वचा पातळ असते, आणि गरम चहा ओतल्यावर पंधरा मिनिटांनीही तिला पोळू शकतो. टेबलावर लोंबणारं कापड घालू नका, मूल ते ओढून उभं राहतं. मांडीवर मूल आणि हातात कप, हे एका वेळी नको. शेगडीवरच्या भांड्यांचे दांडे आत वळवलेले असू देत. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं गार वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल-तूप नाही. वीस मिनिटं फार वाटतात, घड्याळ लावा.

जड सामान. खणांचं कपाट हे मुलाच्या लेखी जिना असतं. खालचे खण उघडून चढलं की कपाट अंगावर येतं. कपाट, पुस्तकांचं रॅक, टीव्ही, सगळं पट्टीने भिंतीला पक्कं करा. पलंग आणि खुर्च्या खिडकीपासून लांब ठेवा. जाळी डास अडवते, मूल अडवत नाही.

औषधं कुलपात. हातबॅगेतली विसरू नका, पाहुण्यांच्या बॅगेतलीही. औषध देताना ‘ही गोळी आहे, गोडगोड खाऊ’ असं कधीही म्हणू नका. आणि पाण्याच्या बाटलीत पाण्याखेरीज काही भरून ठेवू नका.

घशात अडकणाऱ्या वस्तू. खेळण्यांच्या सुरक्षाचाचणीत साधारण ३.२ सेंमी व्यासाचं नळकांडं वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात देत नाहीत. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरा, ती किंचित मोठी असते, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, द्राक्षं उभी चिरून द्या, आणि खाणं बसूनच. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठ थोपटत बसू नका. आवाजच निघत नसेल तेव्हा मात्र लगेच हालचाल हवी. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, नाही निघालं तर पोटावर पाच दाब, पुन्हा थापा, आणि मदतीसाठी हाक. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाबत नाहीत, छातीवर दाबतात. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात पुतळ्यावर करून पाहा, दोघांनीही, आणि मूल सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनीही.

या यादीने पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. माझाही एक शनिवार-रविवार गेला होता. पण त्यानंतर दिवसाकाठी कितीतरी ‘नको’, ‘सोड’, ‘हात लावू नकोस’ आपोआप गळाले, कारण हात लावण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता उलट बाजू. सगळं बंद केलंत की मूल कुलपावर प्रयोग सुरू करतं. म्हणून प्रत्येक खोलीत एक जागा त्याच्या हक्काची ठेवा. स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा कप्पा: दोन पातेली, झाकणं, लाकडी डाव, प्लास्टिकचे डबे. तो कधीही उपसावा, कुणी बोलणार नाही. दर पंधरा दिवसांनी दोन वस्तू बदला. माझी बायको म्हणते की ज्या खेळण्यांवर आपण इतका खर्च केला त्यापेक्षा या कप्प्याने जास्त दुपारी काढून दिल्या, आणि ते खरं आहे.

भिंतीवरच्या रेघोट्यांबद्दल एक ओळ: मेणाच्या खडूच्या रेघा ओल्या फडक्यावर थोडा खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने निघतात, आधी कोपऱ्यात करून पाहा. आणि पक्क्या शाईचे पेन औषधांच्याच कुलपात जाऊ द्या.

पायरी ३: नियम तीन, चौथा नको

दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पंधरा नियम राहत नाहीत. खरं तर आपल्याही राहत नाहीत, म्हणून आपण सकाळी एक आणि रात्री एक असं वागतो. आमचे तीन होते: मारायचं-चावायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, शेगडीजवळ यायचं नाही. बाकी सगळं वाटाघाटीचं. मोजे वेगवेगळ्या रंगांचे घालायचेत? घाल. सोफ्याच्या उश्यांचं घर करायचंय? कर, झोपायच्या आधी आवरू.

नियम मोडला तर प्रत्येक वेळी तेच घडलं पाहिजे, आणि लगेच. चावलं की खेळ थांबला, उचलून बाजूला घेतलं, दोन मिनिटांनी पुन्हा खेळ. ‘थांब, रात्री बाबा आल्यावर बघते’ याला या वयात अर्थ नाही. रात्रीपर्यंत गुन्हेगार गुन्हा विसरलेला असतो.

पायरी ४: वाक्य बदला

‘पळू नकोस’ ऐकल्यावर काय करायचं नाही ते कळतं, काय करायचं ते कळत नाही. ‘हळू चाल’, ‘माझं बोट धर’ हे करता येतं. ‘दूध सांडू नकोस’ ऐवजी ‘दोन्ही हातांनी धर’. असं बोलायची सवय लागायला मला महिना गेला, आणि अजूनही घाईत तोंडातून आधी ‘नको’च निघतो.

आणखी तीन गोष्टी. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून सांगितलेलं मोजू नका. जवळ जा, खाली बसा, नाव घ्या, मग सांगा. दुसरं म्हणजे, जिथे उत्तर ‘नाही’ चालणार नाही तिथे प्रश्न विचारू नका. ‘आंघोळ करायची का?’ विचारलंत की ‘नाही’ येणार, आणि मग ते ऐकून तुम्ही रागावणार, हा कुठला न्याय? ‘आंघोळीला पिवळा मग घेऊया की निळा?’ असं विचारा. तिसरं, ‘पाच मिनिटांत निघू’ हे तीन वर्षांच्या मुलाला सांगणं म्हणजे त्याच्याशी परक्या भाषेत बोलणं. ‘अजून तीनदा घसर, मग निघू’ हे कळतं. मोजताना आपण मात्र प्रामाणिक राहायचं, तीन म्हणजे तीन.

पायरी ५: दिवसाची घडी

वहीतल्या वेळा आता कामाला येतात. आमचा जेवणाआधीचा तास आम्ही असा सोडवला: खाणं अर्धा तास अलीकडे आणलं, आणि त्या तासात दोघांपैकी एकाने फक्त मुलांपाशी असायचं ठरवलं. स्वयंपाक साधा झाला. त्याबद्दल कुणीही तक्रार केली नाही.

झोपेचा हिशेब एकदा करून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास. खूपशी ‘द्वाड’ मुलं नुसती अर्धवट झोपलेली असतात. झोप कमी झालेलं मूल आपल्यासारखं पेंगत नाही, ते उलट जास्त उधळतं, म्हणून आपण फसतो.

त्याच सूचनांत दिवसभरात मिळून तीन तास हालचाल सांगितली आहे. पळणं, चढणं, ढकलणं, लोळणं, सगळं त्यात धरलेलं. घरात बसून ही गरज भागत नाही, ती सोफ्याच्या पाठीवरून उड्या मारून भागवली जाते. स्क्रीनबद्दल सांगायचं तर एक वर्षाच्या मुलाला नकोच, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आत, आणि जितका कमी तितका बरा. मी काही संत नाही, दाताच्या डॉक्टरकडे वाट बघताना मोबाइल आम्हीही दिलाय. पण भोकाड पसरल्यावर मोबाइल द्यायचा नाही, हे कटाक्षाने पाळलं. नाहीतर भोकाड म्हणजे मोबाइलचं बटण होतं.

पायरी ६: भोकाड पसरलं की

हा प्रसंग प्रत्येकावर येतो, आणि शक्यतो भर दुकानात, रांगेत, सासरच्या माणसांसमोर येतो. मूल फतकल मारून बसतं, मग लोळण घेतं, आणि आजूबाजूचे सगळे तुमच्याकडे बघतात.

आधी थोडा दिलासा. मायकल पोतेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा प्रसंगांचा अभ्यास छापला. त्यातले तीन-चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्याआधी संपले होते. आपल्याला अर्धा तास गेल्यासारखा वाटतो तो बघणाऱ्यांमुळे. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. राग सुरुवातीलाच चढतो आणि ओसरतो. मुसमुसणं, जवळ येणं, दुःख, हे शेवटपर्यंत चालू राहतं.

म्हणून दोन टप्प्यांत वागायचं. राग चढलेला असताना बोलायचं नाही. ‘काय झालं? का रडतोस? सांग ना’ हे प्रश्न त्या वेळी आगीत तेल. डोकं कुठे आपटणार नाही एवढं बघा, जवळ बसा, श्वास सावकाश घ्या, गप्प राहा. गर्दी असेल तर उचलून बाजूला न्या. किंचाळणं थांबून मुसमुसणं सुरू झालं की हात पुढे करा. बहुतेक वेळा मूल स्वतःच कुशीत शिरतं. मग एकच वाक्य: ‘तुला ते हवं होतं, मिळालं नाही, राग आला.’ उपदेश त्या दिवशी नको.

आणि ज्या वस्तूसाठी हे सगळं झालं ती द्यायची नाही. यात कठोरपणा नाही. द्यायचीच असेल तर पहिल्या मागणीला हसत द्या, चौथ्या किंकाळीनंतर देऊ नका. कारण मग मूल ‘चार किंकाळ्या लागतात’ एवढंच शिकतं.

काही मुलं रडताना श्वास रोखून निळी पडतात, क्षणभर शुद्धही जाते. बघणाऱ्याचा जीव जातो. साधारण सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांत हे होतं, मूल ते मुद्दाम करत नाही आणि बहुधा त्यातून काही बिघडत नाही. तरी पहिल्यांदा झालं तर डॉक्टरांना दाखवाच. रक्तात लोह कमी आहे का, तेही ते बघतात.

पायरी ७: दुसरं मूल असेल तर

प्रत्येक कागाळीचा निवाडा करत बसू नका. रक्त आलं किंवा येणार असेल तर मध्ये पडा, एरवी ‘दोघांनी मिळून ठरवा, तोवर ट्रक माझ्याकडे’ एवढं पुरतं. ‘तू मोठी आहेस ना’ हे वाक्य मी थोरलीला इतक्यांदा ऐकवलं की एकदा ती म्हणाली, ‘मला नाही व्हायचं मोठी.’ चार वर्षांची होती. त्यानंतर ते बंद केलं. दिवसातली दहा मिनिटं तिची एकटीची ठेवली, धाकट्याला आत सोडायचं नाही. चहाड्या निम्म्यावर आल्या.

पायरी ८: पहिलं खोटं

तोंडाला चॉकलेट फासलेलं आणि ‘मी नाही खाल्लं’. घाबरू नका. मायकल लुईस आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना एका खोलीत बसवलं, मागे खेळणं ठेवलं आणि ‘वळून बघू नकोस’ सांगून मोठी माणसं बाहेर गेली. बहुतेक मुलांनी बघितलं, आणि बघणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांनीच कबूल केलं. आपल्याला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसू शकतं, हे कळायला लागल्याशिवाय खोटं बोलता येत नाही. म्हणजे पहिलं खोटं हे एका अर्थी प्रगतिपुस्तक आहे.

व्यवहारात एवढंच करायचं: जे दिसतंय ते विचारू नका. ‘कुणी सांडलं?’ हा सापळा आहे. ‘दूध सांडलंय, फडकं आण, आपण पुसू’ म्हटलं की खोटं बोलायची गरजच उरत नाही. आणि फडकं पिळायचं कसं तेही दाखवा.

पायरी ९: घरातली बाकीची माणसं

आजी म्हणते असू दे, बाबा म्हणतो नाही, आत्या गुपचूप देते. मूल आठवडाभरात ओळखतं की कुणाकडे काय मागायचं. सगळ्यांचं सगळ्यात एकमत होणार नाही, तो नाद सोडा. ते तीन नियम आणि दुसऱ्या पायरीतली जिवावरची यादी, एवढ्यावर मात्र एकमत करून घ्या. बाकी आजीकडे आजीचे नियम चालू देत. मुलांना माणसागणिक फरक कळतो.

मुलासमोर ‘हा फार व्रात्य आहे हो’ असं कौतुकानेही म्हणू नका. ऐकून ऐकून मूल ती भूमिका मनापासून करायला लागतं.

पायरी १०: तुमचा स्वतःचा राग

हे मला लिहायला सगळ्यात जड जातंय. एका संध्याकाळी मी थोरलीवर इतका ओरडलो की ती पलंगाखाली जाऊन बसली आणि हाका मारूनही येईना. कारण काय, तर सांडलेला रंग. वहीत त्या दिवसापुढे माझी स्वतःची नोंद आहे: ‘दुपारी जेवलो नव्हतो.’

हात उगारायचा नाही, हे आधीच ठरवलेलं असलं पाहिजे. त्या क्षणी ठरवता येत नाही. मारल्याने मूल त्या वेळेपुरतं थांबतं आणि मोठ्याने लहानाला मारलं तर चालतं, एवढं शिकतं. स्वीडनने १९७९ मध्येच आईवडिलांनी मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, त्यानंतर अनेक देशांनी घातली. भडका उडाला की मूल सुरक्षित जागी ठेवा, शेजारच्या खोलीत जा, तोंडावर पाणी मारा. दोन मिनिटं रडलं तर रडू द्या. दुसरं मोठं माणूस घरात असेल तर एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवा. आमचा शब्द ‘गॅलरी’. तो उच्चारला की दुसऱ्याने काहीही न विचारता मुलं ताब्यात घ्यायची.

आणि चुकलात तर माफी मागा, साध्या शब्दांत. ‘मी ओरडलो. तसं नको होतं. तुला भीती वाटली ना?’ याने मान कमी होत नाही. मी त्या दिवशी पलंगाखाली डोकं घालूनच बोललो, कारण ती बाहेर येत नव्हती.

पायरी ११: डॉक्टरांना कधी विचारायचं

खोडकरपणा आणि दुखणं यातली रेघ पहिलटकर आईबाबांना दिसत नाही, म्हणून काही खुणा. भोकाड नेहमीच अर्धा-अर्धा तास चालत असेल, दिवसात कितीतरी वेळा होत असेल, किंवा मूल स्वतःलाच इजा करून घेत असेल तर. नावाने हाक मारल्यावर सहसा वळून बघत नसेल तर, आधी कान तपासा. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द, खेळ, हसणं मागे पडत असेल तर वाट पाहू नका. पडून डोक्याला लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या, न उठणारी गुंगी, झटका, कान-नाकातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय.

नुसतं ‘एका जागी बसत नाही’ म्हणून दोन वर्षांच्या मुलाला अतिचंचलतेचा शिक्का मारणाऱ्यांचं ऐकू नका. या तक्रारीची तपासणी कशी करावी याच्या अमेरिकन बालरोग अकादमीच्या सूचना चार वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहेत. दोन वर्षांचं मूल एका जागी बसत नाहीच.

डॉक्टरांकडे जाताना वही घेऊन जा. ‘फार त्रास देतो’ यातून त्यांना काही कळत नाही. ‘मंगळवारी तीनदा, दर वेळी झोपेआधी, दहा-दहा मिनिटं’ यातून कळतं. आमची वही मी नेली तेव्हा तिची शेवटची दोन पानं नव्हती. कुणी फाडली असं मी विचारलं, विचारू नका असं वर लिहूनसुद्धा. धाकट्याने तोंडातलं गिळलं आणि बहिणीकडे बोट दाखवलं.